पहिले वीस सेकंद: एका केनवाल्याला वाचताना काय जमलं आणि काय फसलं

पार्श्वभूमी

गेम स्ट्रीट फायटर 6, म्हणजे दोघांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम, स्पर्धा छोटीशी, डबल एलिमिनेशन, म्हणजे दोन सेट हरलात की बाहेर. जो आधी दोन गेम घेईल त्याचा सेट आणि जो आधी दोन राऊंड घेईल त्याचा गेम. ज्याची ही केस आहे तो माझा सरावातला पार्टनर, रियू हे कॅरेक्टर खेळतो. समोर होता केन खेळणारा एक जण, दोघांची आधी कधी गाठ पडलेली नव्हती. नावं मुद्दाम घेत नाही, रियूवाला आणि केनवाला एवढंच म्हणू. सेट चालू असताना मी मागे उभा होतो आणि नंतर आम्ही दोघांनी बसून रिप्ले इनपुट डिस्प्ले लावून, म्हणजे कुणी कधी काय दाबलं ते दिसेल असा, पाहिला, त्यामुळे त्या क्षणी याला काय वाटलं आणि खरं काय चालू होतं हे दोन्ही सांगता येतंय.

जे हा गेम खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडं. गेम सेकंदाला 60 फ्रेमने चालतो. हलका पंच 4 फ्रेममध्ये येतो, थ्रो, म्हणजे पकडून आपटणं, 5 मध्ये. डोळ्यांनी बघून हात हलवायला माणसाला साधारण 12 ते 15 फ्रेम लागतात, तेसुद्धा काय येणार हे माहीत असून त्याचीच वाट बघत बसलं तर, आणि मॅचमध्ये तसं कोण बसतं. म्हणजे जवळ आलात की बघून काही करायचा प्रश्नच नाही, अंदाजावरच खेळायचं. ड्राईव्ह इम्पॅक्ट नावाच्या जड फटक्यासारखी गोष्ट 26 फ्रेम घेते, ती बघून थांबवता येते, तरी अर्धे लोक खातातच कारण लक्ष दुसरीकडे असतं. तर हा अंदाज बांधायचा कशावर, तर समोरच्याने आत्तापर्यंत काय केलं त्यावर, आणि मॅचच्या सुरुवातीला नेमकं तेच हातात नसतं. म्हणून पहिल्या राऊंडचे पहिले पंधरा-वीस सेकंद महाग असतात, माहिती तेव्हाच गोळा करायची असते आणि तिची किंमत हेल्थमध्ये मोजावी लागते.

अजून एक गोष्ट लागेल पुढे. प्रत्येकाकडे ड्राईव्हचे, म्हणजे खास डावांवर खर्चायच्या ताकदीचे, सहा बार असतात, दर राऊंडला भरून मिळतात. रियू आणि केन दोघांचा उठता उठता मारायचा पूर्ण इन्व्हिन्सिबल, म्हणजे मारताना स्वतःला काही न लागणारा, ओडी डीपी दोन बार खातो (डीपी म्हणजे शोर्युकेन, उडी घेत मारायचा अप्परकट; ओडी म्हणजे बार खर्चून मारलेला). लागला तर समोरच्याचा सगळा डाव मोडतो, ब्लॉक झाला तर मारणारा हवेतून खाली येईपर्यंत असहाय असतो आणि तीन-चार हजारांचा कॉम्बो, म्हणजे लागोपाठ फटके, आरामात बसतो. दोघांची हेल्थ 10,000 असते, म्हणजे तिसरा हिस्सा गेला. बार संपले की बर्नआउट, म्हणजे ड्राईव्ह परत भरेपर्यंत ते डाव बंद, आणि बर्नआउटमध्ये कॉर्नरला सापडलात तर विचारायलाच नको, त्यावर पुढे येतोच.

आधीच हातात असलेली माहिती, आणि तिचा घोळ

रियूवाला तयारीने आला होता. केनवाल्याची आधीची मॅच त्याने बघितली होती, ती झँगीफ हे कुस्तीगीर कॅरेक्टर खेळणाऱ्या एकाबरोबर झाली. त्यात केनवाला जवळजवळ दर वेळी पडल्यावर उठता उठता ओडी डीपी मारत होता, किंवा सरळ मागे उडी. रियूवाल्याने फोनवर नोट केलं: "वेकअप डीपी. नेहमी." आणि त्याच्यामते झालं काम, अर्धा सेट घरातूनच जिंकून आणला.

इथेच पहिला डिसिजन पॉईंट होता आणि तो डिसिजन आहे हेसुद्धा त्याच्या लक्षात आलं नाही. झँगीफसमोर पडलात की परिस्थितीच वेगळी असते. त्याचा पकडून आपटायचा स्क्रू पाईलड्रायव्हर ब्लॉक होत नाही, साध्या थ्रोसारखा टेकही करता (सोडवूनही घेता) येत नाही, उडी मारा, मागे डॅश करा नाहीतर इन्व्हिन्सिबल काहीतरी मारा, एवढेच रस्ते. शांत बसून ब्लॉक करणाऱ्याला तिथे शिक्षा होते. म्हणजे केनवाला डीपी मारत होता तो त्याचा स्वभाव म्हणून की झँगीफ समोर होता म्हणून, हे त्या मॅचवरून कळूच शकत नाही. रियूसमोर ब्लॉक करून राहणं बऱ्यापैकी परवडतं, थ्रो खाल्ला तर 1,200 जातात, जग बुडत नाही. माझं मत विचाराल तर दुसऱ्या कॅरेक्टरविरुद्धची मॅच बघून एकच गोष्ट खात्रीने उचलावी, ती म्हणजे त्याचे हात किती साफ आहेत, कॉम्बो सुटतात का, अँटी-एअर (उडीवर मारायचं उत्तर) वेळेवर येतो का. सवयी उचलू नयेत. झँगीफसमोर सगळेच घाबरट दिसतात.

त्यातल्या त्यात एक बरोबर वाचलं होतं त्याने. हेल्थ बारजवळ कंट्रोल टाईपचं चिन्ह दिसतं, केनवाला क्लासिकवर, म्हणजे डाव स्टिक फिरवून काढायच्या पद्धतीवर, होता. मॉडर्नवाला असता तर डीपी एका बटणावर येतो, उड्या मारायच्या की नाही हा विचारच बदलतो. क्लासिकवर डीपीचं मोशन करायला वेळ लागतो, त्यामुळे अवेळी मारलेली उडी चालू शकते.

पहिला गेम: अडचण कशी उभी राहिली

राऊंड सुरू होताना दोघांमध्ये एवढं अंतर असतं की बहुतेक साधे हात-पाय पोचत नाहीत. रियूवाला थोडा मागे सरकला. केनवाला जागच्या जागी बसला, उठला, परत बसला आणि हदोकेन (फायरबॉल) टाकला. ब्लॉक. लगेच दुसरा हदोकेन, हा रियूवाल्याने पॅरी केला (झेलून परतवला), ड्राईव्ह थोडा परत मिळाला. मग रियूवाल्याने तिसरा येणार असं धरून पुढे उडी मारली. तिसरा आलाच नाही. केन खाली बसलेला होता आणि शोर्युकेन बसला तोंडावर.

हे चार-पाच सेकंद आम्ही रिप्लेत परत परत पाहिले कारण यातून दोन वेगवेगळे निष्कर्ष निघतात आणि त्यातला चुकीचा पहिल्यांदा सुचतो. रियूवाल्याने काढला तो असा, "याचा अँटी-एअर भारी आहे, उड्या बंद." इनपुट डिस्प्लेवर दिसत होतं ते वेगळं. दुसरा हदोकेन टाकून झाल्यावर केनवाल्याची स्टिक खाली-पुढे जाऊन तिथेच थांबली होती, रियूचे पाय जमिनीवरून सुटायच्या बऱ्याच आधी. म्हणजे त्याने उडी बघून डीपी मारला नाही, उडीसाठी आमंत्रण दिलं आणि दार उघडं ठेवून दारामागे उभा राहिला. खरा निष्कर्ष हा की दोन फायरबॉलनंतर तो उडीची वाट बघतो. बाकी वेळेला त्याचा अँटी-एअर कसा आहे याबद्दल अजून शून्य माहिती होती. पण रियूवाल्याने अख्ख्या गेममध्ये परत उडी मारली नाही, आणि उडी नाही म्हटल्यावर केनवाला हदोकेन टाकत टाकत हवा तसा पुढे चालत यायला लागला.

मग वेकअप. पहिल्या राऊंडमध्ये रियूवाल्याने स्वीप मारून केनला पाडलं, नोट आठवली, जवळ गेला आणि ब्लॉक धरून उभा राहिला. डीपी ये रे. केनवाला उठला आणि त्याने नुसता ब्लॉक धरला. दोघंही ब्लॉक धरून एकमेकांकडे बघतायत, बाहेरून बघताना जरा विनोदीच वाटत होतं. मग केनवाल्याने थ्रो मारला. पुढच्या वेळी रियूवाल्याने थ्रो मारून त्याला कॉर्नरजवळ नेलं, परत जवळ जाऊन ब्लॉक. केनवाल्याने उठता उठता थ्रोच मारला. तिसऱ्यांदा पुन्हा तेच. म्हणजे मेहनत करून पाडायचं रियूवाल्याने आणि फायदा घ्यायचा केनवाल्याने. राऊंड गेला.

दुसऱ्या राऊंडमध्ये रियूवाला वैतागला, ठरवलं की आता उठताना मारायचंच, आणि दोन वेळा मीटी, म्हणजे समोरचा उठताक्षणी लागेल असा साधून मारलेला फटका, बसलाही. केनची हेल्थ चिमूटभर राहिली, ड्राईव्हचे पाच बार शिल्लक, पाठ कॉर्नरला. रियूवाला परत मीटी मारायला गेला आणि तेव्हा आला ओडी डीपी. त्यातून बाहेर पडून केनवाल्याने राऊंड आणि गेम दोन्ही घेतले.

रियूवाला मागे वळून मला म्हणाला, "बघ, म्हटलं होतं ना, डीपीच मारतो."

तर अडचण ही. त्याच्या डोक्यात "हा माणूस डीपी मारतो" असं एक वाक्य होतं, जे सेट सुरू व्हायच्या आधी तयार झालं होतं. तीन वेळा ते खोटं ठरलं ते लक्षात राहिलं नाही, एकदा खरं ठरलं ते पक्कं बसलं. वाक्यात कधी आणि कुठल्या अवस्थेत हे नव्हतंच.

समोर असलेले पर्याय

गेम संपल्यावर रीमॅचच्या आधी थोडाच वेळ मिळतो, आणि त्या वेळात बरेच जण फक्त श्वास घेतात आणि स्वतःवर चिडतात. रियूवाल्याने पाण्याचा घोट घेतला आणि आमचं पटापट बोलणं झालं.

पहिला पर्याय होता तेच चालू ठेवायचं, बेट करत राहायचं, म्हणजे गळ टाकून डीपीची वाट बघायची. कागदावर हे वाटतं तेवढं वेडेपणाचं नाही बरं का. डीपी ब्लॉक केला की तीन-चार हजार मिळतात, थ्रोचे 1,200 मिळतात, म्हणजे तीन-चार वेकअपमध्ये एकदा जरी डीपी आला तरी थांबणं परवडतं. पण हा हिशोब तेव्हाच, जेव्हा थांबण्यात काही जात नाही. हा थांबत होता थ्रोच्या टप्प्यात उभा राहून, त्यामुळे दर वेळी स्वतःच 1,200 देत होता. बेट स्वस्त होती, उभं राहायची जागा महाग होती.

दुसरा पर्याय, बेट सोडून द्यायची आणि दर वेळी मारायचंच. पाच बार असलेल्या आणि आत्ताच डीपीची चव घेतलेल्या माणसासमोर हे म्हणजे त्याला दुसरा डीपी हातात देणं.

तिसरा, कॅरेक्टर बदलायचं. हरणाऱ्याला ती मुभा होती आणि रियूवाल्याकडे बरा ल्यूक आहे. मी याच्या विरोधात होतो. जी थोडी माहिती जमली होती ती रियूच्या अंतरांवर जमली होती, ल्यूक घेतला की पाटी कोरी, आणि परत नव्या पहिल्या वीस सेकंदांची किंमत मोजायची.

चौथा पर्याय बोलता बोलता निघाला. मी त्याला विचारलं, "अरे, डीपी मारला तेव्हा त्याच्याकडे काय होतं आणि तू आधी काय केलं होतंस?" तो थोडा थांबला. बार भरपूर होते, हेल्थ संपत आली होती आणि लागोपाठ मार खाल्ला होता. आणि डीपी मारला नाही तेव्हा? हेल्थ बरी होती, कुणी दाबलेलं नव्हतं. मग ठरलं असं की दुसऱ्या गेमच्या पहिल्या राऊंडमध्ये काही सिद्ध करायला जायचं नाही. पहिले तीन नॉकडाऊन मिळतील त्यात तीन वेगळ्या गोष्टी करायच्या, एकदा मीटी, एकदा थ्रो, एकदा पाऊल मागे घेऊन थांबायचं, आणि दर वेळी केनच्या बारकडे नजर टाकायची. राऊंड गेला तर गेला.

जाता जाता, 2004 च्या इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत दायगो उमेहाराने जस्टिन वाँगच्या चुन-लीचा अख्खा सुपर, म्हणजे मीटर साठवून मारायचा मोठा डाव, पॅरी केला होता ती क्लिप सगळ्यांना पाठ आहे, लोक त्याच्या हातांबद्दल बोलतात. हात तर आहेतच. पण तेव्हा दायगोच्या केनची हेल्थ इतकी कमी होती की ब्लॉक केला असता तरी चिपनेच मेला असता, म्हणजे वाँगला सुपर मारायचा मोह होणार हे ती परिस्थितीच ओरडून सांगत होती. माणूस वाचला ते खरं, पण त्या क्षणी त्या माणसाला काय हवंय हे वाचलं. रियूवाल्याला मी हे तेव्हा सांगितलं नाही, तेवढा वेळही नव्हता, पण माझ्या डोक्यात तेच चालू होतं.

दुसरा गेम: काय केलं

सुरुवात परत तशीच, केनवाला बसतोय उठतोय, हदोकेन, ब्लॉक, हदोकेन, पॅरी. आणि आता रियूवाला जागेवर उभा राहिला. नुसता उभा. केनवाला खाली-पुढे दाबून बसून राहिला आणि काहीच घडलं नाही. मग तो उठून पुढे चालायला लागला आणि त्याने तीन पावलं टाकली असतील तेवढ्यात रियूवाल्याने उडी मारली, ती सरळ बसली. पुढे चालणाऱ्याला मागे ब्लॉक धरायला किंवा डीपीचं मोशन करायला डोकं त्या बाजूला नेऊन ठेवावं लागतं, ते त्याचं तिथे नव्हतं. पूर्ण कॉम्बो. पहिल्या गेममधली "उड्या बंद" ही नोट इथे रद्द झाली.

पहिला नॉकडाऊन, मीटी. केनवाल्याने ब्लॉक केला, सहा बार असूनही. दुसरा नॉकडाऊन, थ्रो, लागला. हा थ्रो कॉर्नरमध्ये लागला, त्यामुळे केन उठताना रियू परत डोक्यावर उभा. तिसऱ्या वेळी ठरल्याप्रमाणे एक पाऊल मागे. आणि आला ओडी डीपी, हवेत, कुणालाच न लागता. रियूवाल्याला तो येईल असं वाटलं नव्हतं, तो तर फक्त बघायला मागे सरकला होता, त्यामुळे त्याने घाईत छोटा कॉम्बो मारला. पण माहिती मोठी मिळाली.

पुढच्या राऊंडमध्ये चित्र साफ झालं. पंच-किक ब्लॉक केल्यावर किंवा खाल्ल्यावर केनवाला पुढच्या वेकअपला शांत राहायचा. थ्रो खाल्ला, आणि त्यातही कॉर्नरमध्ये खाल्ला, की पुढच्या उठण्याला त्याचे हात शिवशिवायचे. मला वाटतं थ्रोने लोकांना जास्त राग येतो. 1,200 च जातात, पण कुणीतरी हात धरून आपटल्यासारखं वाटतं आणि परत होऊ द्यायचं नाही असं मनात येतं. बार चारच्या वर असले तर तो राग डीपी बनून यायचा, बार दोन-तीन उरले की बर्नआउटची भीती असते, तेव्हा तोच राग उठता उठता थ्रो बनून यायचा. आता गंमत बघा, पहिल्या गेममध्ये थ्रोने कॉर्नरजवळ नेल्यावर त्याने थ्रोच मारला होता, तो का, तर रिप्लेत बघितलं तेव्हा त्याचे बार अडीच होते. तेव्हा रियूवाला डीपीची वाट बघत होता. बारकडे त्याचं लक्षच नव्हतं.

आणि मागे एक पाऊल घ्यायची मजा अशी की ते दोन्हीला चालतं. डीपी आला तर हवेत जातो, थ्रो आला तर हवेत जातो, दोन्हीनंतर मारायला मिळतं. नुसता ब्लॉक धरणाऱ्यासमोर काही मिळत नाही, उठता उठता उडी मारली तर निसटतो, ठीक आहे. रियूवाल्याने थ्रो, मग पाऊल मागे, मग मोठा कॉम्बो, असं दुसऱ्या आणि तिसऱ्या राऊंडमध्ये मिळून दोनदा केलं, दुसऱ्यांदा सुपरसकट. गेम त्याचा, राऊंड 2-1.

तिसरा गेम आणि निकाल

केनवाला काही कच्चा नव्हता. त्यालाही रीमॅचच्या आधी तेवढाच वेळ मिळाला होता आणि त्यानेही तो वापरला. तिसऱ्या गेममध्ये पहिला थ्रो खाल्ल्यावर तो उठला आणि त्याने पॅरी धरून ठेवला. रियूवाला मागे पाऊल घेऊन उभा, पॅरी बघतोय, पण अंतर जास्त पडल्यामुळे थ्रो पोचत नाही. पॅरी धरलेल्याला थ्रो मारला तर पनिश काउंटर होतो, नेहमीपेक्षा बराच जास्त मार बसतो, म्हणजे याला उत्तर परत थ्रोच. रियूवाल्याने पुढच्या वेळी दोन थ्रो लागोपाठ मारले, दुसरा पॅरीवर बसला. मग केनवाला पॅरी सोडून उडीकडे वळला. या गेममध्ये एकमेकांना वाचणं खरं सुरू होतं, कारण आता दोघांकडेही माहिती होती, आणि प्रत्येक वेळी एक जण अर्धं पाऊल पुढे. पहिला राऊंड रियूचा, दुसरा केनचा.

शेवटचा राऊंड गेला तो वाचण्याच्या चुकीने नाही, ड्राईव्हच्या हिशोबाने गेला. रियूवाला दोन फायरबॉलवाल्या खेळाला पॅरीने उत्तर देत होता, पण पॅरी नुसता धरून ठेवला की बार जळत जातात, आणि केनवाल्याने मध्येच हदोकेनचं मोशन न करता नुसता बसून-उठून दाखवायला सुरुवात केली. रियूवाला पॅरी धरतोय, येत काहीच नाही. त्यात त्याचे दोन ड्राईव्ह रश कॅन्सल (फटका मध्येच तोडून झपकन पुढे धावणं) झाले, प्रत्येकी तीन बार. बर्नआउट. मागे सरकत सरकत कॉर्नर. केनवाल्याने ड्राईव्ह इम्पॅक्ट मारला, रियूवाल्याला तो दिसला, त्याने ब्लॉकही केला, पण बर्नआउटमध्ये कॉर्नरला ब्लॉक केलात तरी स्टन बसतो. पुढचं सांगायला नको. सेट 2-1 ने केनवाल्याचा.

लूझर्समध्ये, म्हणजे एक सेट हरलेल्यांच्या बाजूला, रियूवाल्याला पुढे एक मॉडर्नवर खेळणारा ल्यूक लागला. चिन्ह बघितलं, सुरुवातीला एकही उडी नाही, पहिल्या तीन नॉकडाऊनला तीन वेगळ्या गोष्टी, बारवर नजर. तो सेट 2-0 ने काढला, तिथे फार काही वाचायची वेळच आली नाही, समोरचा उठला की बटणं दाबत होता. त्यानंतरच्या सेटमध्ये बाहेर.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या गेममधली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती म्हणजे ते मागचं पाऊल. नोट चुकीची असतानाही, डीपीची वाट थ्रोच्या टप्प्याबाहेर उभं राहून बघितली असती तर तीनपैकी दोन वेकअपला केनचा थ्रो हवेत गेला असता आणि चुकीच्या अंदाजावरही पैसे मिळाले असते. अंदाज चुकणार हे धरूनच उभं राहायची जागा निवडायची, असं मी आता त्याच्या मागे लागून सांगतो.

दुसरं, सेफ जंप. काही नॉकडाऊननंतर अशा वेळेवर उडी मारता येते की समोरच्याने डीपी मारला तर तुम्ही खाली उतरून ब्लॉक करता आणि नाही मारला तर तुमची लाथ बसते. मग वाचायची गरजच कमी होते. रियूवाल्याकडे असे सेटप पाठ नव्हते. वाचणं ही ग्लॅमरस गोष्ट आहे म्हणून लोक त्यावर तासन्‌तास बोलतात, पण जे लॅबमध्ये पाठ करून येतं ते वाचत बसू नये, डोकं बाकीच्या गोष्टींसाठी मोकळं ठेवावं. यावर आमचं एकमत आहे.

एकमत नाही ते पहिल्या गेमच्या शेवटच्या ओडी डीपीवर. रियूवाल्याचं म्हणणं, केनवाला तेव्हा घाबरून मारून बसला. माझं म्हणणं, हेल्थ चिमूटभर असताना पाच बार घेऊन मरण्यात काही अर्थ नाही, ते बार पुढच्या राऊंडला नेता येत नाहीत, त्यामुळे त्याने मारला तो हिशोबाने मारला आणि तिथे कुणीही मारला असता. म्हणजे त्या एका डीपीवरून केनवाल्याबद्दल काहीच कळत नव्हतं. रियूवाला म्हणतो, मग दुसऱ्या गेममध्ये बार भरपूर आणि हेल्थही बरी असताना थ्रोनंतर का मारला? तो मुद्दा बरोबर आहे, तोच तर त्याच्या स्वभावाचा भाग होता, बाकीचा गेमचा.

तिसऱ्या गेममधल्या पॅरीचं मात्र उत्तर साधं होतं आणि ते आम्हा दोघांनाही मॅच चालू असताना सुचलं नाही. केनवाला नुसतं बसून-उठून दाखवतोय हे दोनदा दिसल्यावर पॅरी सोडून पुढे चालत जायला हवं होतं. जो माणूस फायरबॉलचं नाटक करतोय तो त्या क्षणी फायरबॉल टाकत नाहीये. पुढे चालणं फुकट असतं, बार लागत नाही.

सध्या ट्रेनिंग मोडमध्ये त्याने डमी केनला वेकअपच्या पाच गोष्टी रेकॉर्ड करून दिल्यात, ब्लॉक, थ्रो, ओडी डीपी, पॅरी, मागे उडी, आणि कुठली येईल ते गेम ठरवतो. डीपीचं प्रमाण मुद्दाम कमी ठेवलंय, नाहीतर परत तेच डोक्यात बसायचं. पाऊल मागे घेऊन कॉम्बो आता सुटत नाही त्याचा. पण डमीला थ्रोचा राग येत नाही, म्हणून त्यानंतरचा अर्धा तास मी केन घेऊन समोर बसतो.